स्की लिफ्टची वीज: सौर, ग्रिड की डिझेल? २,७०० मीटर उंचीवरचा हिशेब

हिमरेषा (प्रश्न)

हिमालयात २,७०० मीटर उंचीवरच्या एका चेअरलिफ्टच्या वीजपुरवठ्याचा कच्चा आराखडा मांडतोय, त्यावर जाणकारांचं मत हवं आहे. लिफ्ट साधी आहे: चार आसनी खुर्च्या, दोराला कायमच्या आवळलेल्या. लांबी १,००० मीटर, चढ ३०० मीटर, वेग सेकंदाला २.३ मीटर, क्षमता ताशी १,२०० माणसं. हंगाम १०० दिवसांचा, रोज सात तास. अक्षांश गुलमर्गचा, म्हणजे ३४ अंश उत्तर. पायथ्याशी ११ केव्हीची लाइन आहे, पण हिवाळ्यात व्होल्टेज पडतं आणि वीज जाते.

तीन प्रस्ताव समोर आहेत. पहिला, सगळं डिझेल जनरेटरवर. दुसरा, ग्रिड आणि सोबतीला जनरेटर. तिसरा, सौर पॅनेल आणि बॅटरी, डिझेल पूर्ण बाद. तिसऱ्याच्या बाजूने स्वित्झर्लंडमधल्या टेन्ना गावातल्या सौर स्की लिफ्टचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं जातं.

प्रश्न असे: खरा भार किती धरावा? टेन्नाचा हिशेब इथे लागू पडतो का? आणि डिझेल खरंच शून्य करता येतं का?

---

कप्पीदोर

आधी भार काढू, बहुतेक आराखडे इथेच फुगतात.

बूट, स्की, जाड कपडे धरून माणशी ८५ किलो घ्या. ताशी १,२०० माणसं म्हणजे १,०२,००० किलो वजन तासाभरात ३०० मीटर वर न्यायचं. याला ९.८१ ने गुणलं की ३० कोटी ज्यूल, आणि ३,६०० सेकंदांनी भागलं की ८३ किलोवॅट. ही निव्वळ माणसं उचलण्याची शक्ती. त्यात घर्षण मिळवा: खांबांवरच्या कप्प्या, दोन्ही टोकांच्या मोठ्या चाकांची बेअरिंग्ज, दोराचं वाकणं. या आकाराच्या लिफ्टला रिकामी फिरायला २५ किलोवॅट धरायला हरकत नाही. बेरीज १०८. गिअरबॉक्स, मोटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) यांची मिळून कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मीटरवर १२७ किलोवॅट.

सुरू होताना भार दुप्पट-तिप्पट होतो असं धरून मोठी मोटर आणि त्याहून मोठा जनरेटर घेतला जातो. तो साध्या इंडक्शन मोटरचा अनुभव इथे चिकटवलेला असतो. माणसं, खुर्च्या आणि दोर मिळून हलणारं वजन ३३ टनांच्या आसपास येतं. दर सेकंदाला ०.१५ मीटर प्रति सेकंद या त्वरणाने वेग वाढवला तर त्यासाठी ५ किलोन्यूटन जादा ओढ लागते, म्हणजे पूर्ण वेगाजवळ ११-१२ किलोवॅट. ड्राइव्ह हळूहळू वेग वाढवतो. १६० किलोवॅटची मोटर पुरते.

आता रोजची युनिटं. खुर्च्या दिवसभर भरलेल्या कधीच नसतात. सरासरी ४० टक्के भरणा धरा: उचलायला ३३, घर्षणाला २५, एकूण ५८, मीटरवर ६९ किलोवॅट. सात तासांची ४८० युनिटं, ठोकळमानाने ५००. हंगामाची ५०,०००. एका फेरीला माणशी ०.१४ युनिट पडतं. दोन किलोवॅटचा गिझर साडेचार मिनिटं चालला तर एवढीच वीज खातो.

या आकड्यांत एक गोष्ट नीट बघा. ५८ पैकी २५ घर्षण आहे, आणि ते वेगाच्या प्रमाणात वाढतं. रांग नसताना वेग १.५ वर आणला तर ताशी ७८० माणसांची क्षमता उरते, म्हणजे ४० टक्के भरण्याच्या दिवशी कुणाचाच खोळंबा होत नाही. घर्षण मात्र २५ वरून १६ किलोवॅटवर येतं. मीटरवर १५ टक्के वाचतात, आणि त्यासाठी एकही पॅनेल लागत नाही. थंडीत कप्प्यांचे रबरी पट्टे ताठरतात, गिअरचं तेल दाट होतं, त्यामुळे सकाळचा पहिला अर्धा तास घर्षण नेहमीपेक्षा जास्त असतं. गिअरबॉक्सला तेलाचा हीटर द्या आणि लोकांना बसवण्याआधी लिफ्ट रिकामी, हळू फिरवा.

---

सौरघटक

टेन्नाबद्दल. ग्राउब्युंडेन प्रांतातल्या साफिएन खोऱ्यातलं हे छोटं गाव. डिसेंबर २०११ मध्ये तिथे जगातली पहिली सौर स्की लिफ्ट सुरू झाली. ती चेअरलिफ्ट नाही. बर्फावरूनच स्कीवाल्यांना आडव्या दांडीने ओढत नेणारी, सुमारे ४५० मीटर लांबीची लिफ्ट आहे. तिच्या मार्गावर ताणलेल्या तारांवर पॅनेलचे ८२ पंख टांगलेत. ते सूर्यामागे वळतात आणि बर्फ साचला की कलून तो झटकतात. वर्षाला सुमारे ९०,००० युनिटं तयार होतात. लिफ्टला लागतात त्याच्या तिपटीहून जास्त.

हे काम उत्तमच आहे, पण त्याचा हिशेब वर्षाचा आहे. उरलेली वीज उन्हाळ्यात ग्रिडला जाते आणि ढगाळ दिवशी लिफ्ट ग्रिडवरूनच घेते. म्हणजे टेन्नाला ग्रिड ही बॅटरी म्हणून मिळालेली आहे. तुमचा तिसरा प्रस्ताव ग्रिड बाजूला ठेवून टेन्नाचा दाखला देतो, तिथे तो कोसळतो.

तुमच्या लिफ्टसाठी हिवाळ्याची युनिटं मोजा. स्वित्झर्लंडने २०२२ च्या सप्टेंबरात डोंगरावरच्या मोठ्या सौर प्रकल्पांसाठी कायदा केला, त्यात अट हीच घातली: ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत दर किलोवॅटमागे किमान ५०० युनिटं. दिवसाला पावणेतीन. गुलमर्गच्या पीर पंजाल डोंगररांगेत हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे ढग आणतात, म्हणून प्राथमिक हिशेबाला अडीचच धरा आणि जागेवर एक हंगाम मोजून मग पक्कं करा. ५०० युनिटांना २०० किलोवॅट पॅनेल लागतील. ५५० वॅटची सुमारे ३६५ पॅनेल, जवळपास साडेनऊशे चौरस मीटर काच.

बसवताना काय चुकतं ते सांगतो.

कल: २१ डिसेंबरला ३४ अंश अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंशांवरच असतो. मैदानातल्या सवयीने ३० अंशांच्या कलावर पॅनेल लावली तर उत्पन्नही जातं आणि वर बर्फाची गादीही बसते. ६० अंशांच्या खाली येऊ नका. दोन्ही बाजूंनी वीज देणारी पॅनेल घ्या, बर्फावरून परतणारा उजेड मागून मिळतो.

जमिनीपासूनचं अंतर: घसरलेला बर्फ पॅनेलच्या पायाशीच साठतो. तिथल्या सगळ्यात जास्त साठ्याच्या वर आणखी मीटरभर मोकळं ठेवलं नाही, तर फेब्रुवारीत खालची ओळ ढिगाऱ्यात जाते. एका ओळीवर सावली पडली की अख्ख्या स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा, प्रवाह आटतो.

व्होल्टेज: ही चूक सगळ्यात महाग. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, अंशामागे सुमारे ०.२७ टक्के. उघड्या टोकांचं ४९.५ व्होल्ट असलेली २० पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये जोडली की कागदावर ९९० व्होल्ट होतात आणि १,००० व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालतील असं वाटतं. पण तो आकडा २५ अंश तापमानाचा. उणे २५ अंशांच्या स्वच्छ सकाळी ५० अंशांचा फरक पडतो, साडेतेरा टक्के वाढ होते आणि तेच १,१२० च्या वर जातं. इन्व्हर्टर जळतो, आणि वॉरंटीही मिळत नाही. इथे १७ पॅनेलच्या पुढे जाता येत नाही. १८ घेतली तरी १,०११ होतात.

आणि मुळातली अडचण वेगळीच आहे. लिफ्टला सगळ्यात जास्त गर्दी होते ती बर्फ पडून गेल्यावर उघडलेल्या पहिल्या सकाळी. नेमक्या त्याच वेळी पॅनेल पांढरी असतात आणि आधीच्या दोन-तीन ढगाळ दिवसांत बॅटरी उतरलेली असते. तीन दिवसांचा साठा म्हणजे १,५०० युनिटांची बॅटरी. एवढी बॅटरी एका चेअरलिफ्टसाठी घेणं मला पटत नाही.

---

भारनियमन

सौरघटक यांच्याशी सहमत, पण ग्रिडलाही आपोआप हिरवं समजू नका. काश्मीरची वीज म्हणजे बगलिहार ९००, सलाल ६९०, उरी ४८० मेगावॅट, सगळं पाण्यावरचं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते उन्हाळ्याचं. हिवाळ्यात पाणी बर्फ होऊन डोंगरावर अडकतं, चिनाब-झेलमचा ओघ आटतो, आणि तेव्हाच घराघरांत हीटर लागतात. तूट उत्तर ग्रिडमधून भरली जाते, ज्यात कोळसा मोठा.

देशाच्या ग्रिडची केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३-२४ साठी दिलेली सरासरी युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. ५०,००० युनिटांचे ३६ टन. तारांतली गळती १५ टक्के धरली तर ४३ टन. डिझेलच्या लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, जनरेटरकडून लिटरला तीन युनिटं धरली तर हंगामाचं १६,७०० लिटर आणि ४५ टन. म्हणजे दोन टनांचा फरक! डिझेल वाईट, ग्रिड चांगला, एवढ्यावर थांबलं तर हवेला काहीच मिळत नाही.

पैशात मात्र फरक मोठा आहे. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचे युनिटला ३० रुपये होतात, टँकर वर चढवण्याचा खर्च वेगळा. शिवाय पायथ्याशी धूर आणि आवाज. पहिला प्रस्ताव याच कारणाने बाद करा.

ग्रिडची वीज खरोखर स्वच्छ करायची असेल तर करारात वर्षाची बेरीज लिहू नका, वेळ लिहा: डिसेंबर ते मार्च, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. लिफ्ट दिवसा चालते ही तिची मोठी सोय आहे. राजस्थानच्या पॅनेलवर हिवाळ्यातही याच वेळेत ऊन असतं. न्यू मेक्सिकोत टाओस स्की व्हॅलीला वीज देणारी किट कार्सन सहकारी संस्था २०२२ पासून दिवसाची गरज सौरऊर्जेतून भागवते; तिथल्या लिफ्टना याचा थेट उपयोग होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या जिमिनी पीकने २००७ मध्ये दीड मेगावॅटची पवनचक्की लावली, कारण तिथे वारा हिवाळ्यातच जोर धरतो. तुमच्या उंचीवर हवा विरळ, पात्यांवर बर्फ आणि एवढी क्रेन वर नेणारा रस्ता नाही, म्हणून ते उदाहरण इथे आणू नका.

---

चाकबंद

डिझेल शून्य करण्याच्या प्रश्नावर माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. पण डिझेलची दोन कामं वेगळी करा.

एक काम वीज गेल्यावर लिफ्ट चालू ठेवायचं. दुसरं, काहीही बिघडलं तरी हवेत लटकलेली माणसं खाली आणायचं. पहिलं काम बॅटरी करू शकते. दुसरं काम ज्या इंजिनाचं आहे ते मोटर, ड्राइव्ह आणि गिअरबॉक्स यांना वळसा घालून, हायड्रॉलिक मोटरने मोठं चाक थेट फिरवतं. ड्राइव्हचं कार्ड जळलं किंवा गिअरचा दात तुटला तर बॅटरी भरलेली असून उपयोग काय? उणे १५ अंशांत, वाऱ्यात, दोराने एकेक माणूस उतरवायची वेळ येते.

त्याचा आकार काढू. दोराची ओढ माणसांची ३६ आणि घर्षणाची ११, मिळून ४७ किलोन्यूटन. सेकंदाला अर्ध्या मीटरने ओढायचं तर साडेतेवीस किलोवॅट, हायड्रॉलिकची कार्यक्षमता ७५ टक्के धरून ३१. विरळ हवेची घट मोजून ४५ किलोवॅटचं टर्बो इंजिन घ्या. १,००० मीटरला ३३ मिनिटं लागतात आणि पाचेक लिटर डिझेल. कार्बनच्या हिशेबात हे दिसतही नाही. त्यावर काटकसर करू नका.

हे इंजिन ऐन वेळी का चालत नाही? बहुतेक वेळा कारण टाकीत असतं. जुलैत भरलेलं साधं डिझेल जानेवारीतही तसंच पडून असतं. थंडीत त्यातलं मेण सुटतं, फिल्टर बुजतो, इंजिन दोन मिनिटं चालतं आणि मान टाकतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. तसं इंधन ऑक्टोबरात भरा, आणि भरल्यावर अर्धा तास इंजिन चालवा, म्हणजे नळ्या आणि फिल्टरमधलं जुनं डिझेल निघून जाईल. टाकी अर्धी ठेवली तर आतल्या ओलाव्याचं पाणी होऊन तळाशी गोठतं, म्हणून काठोकाठ भरा. इंजिनाला ब्लॉक हीटर (बंद इंजिन गरम ठेवणारा), स्टार्टर बॅटरीला चार्जर. धूर स्वच्छ करायला यूरियाचं द्रावण लागणारं इंजिन घेऊ नका. ते द्रावण उणे ११ अंशांना गोठतं.

दर आठवड्याला लिफ्ट सुरू करण्याआधी दोर याच इंजिनाने फिरवून बघा. नुसतं इंजिन चालू करून बंद करणं ही चाचणी नव्हे. क्लच किंवा पिन बसते का ते दोर हलल्याशिवाय कळत नाही.

---

हिमरेषा

सगळ्यांचे आभार. म्हणजे ग्रिड मुख्य, पॅनेल सोबतीला, छोटी बॅटरी आणि सुटकेचं डिझेल इंजिन, असं चित्र दिसतंय. बॅटरी किती घ्यावी? आणि एक उपप्रश्न: पर्यटकांना खुर्चीनेच परत खाली आणायचं ठरलं तर गणित किती बदलतं? गुलमर्गच्या गंडोलात, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेत, फिरायला आलेली बरीच माणसं तशीच उतरतात.

---

कप्पीदोर

परतीची माणसं आली की गणित पार बदलतं. रायगडच्या रोपवेचं बघा: एकीकडे पाळणे वर, दुसरीकडे खाली. उतरणारं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं, मोटरला फरक आणि घर्षण तेवढंच द्यावं लागतं. तुमच्या लिफ्टवर दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर ८३ किलोवॅटचा आकडा गळून पडतो, फक्त २५ उरतात.

दुपारी तीननंतर मात्र वर रिकामं आणि खाली भरलेलं असं होतं. मग दोरच मोटरला फिरवतो. पूर्ण भरणा असेल तर ८३ वजा २५, म्हणजे ५८ किलोवॅट उलटे येतात. ड्राइव्हमधून जाताना ५० उरतात. ते परत लाइनवर देता येतात, पण त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा ड्राइव्ह हवा. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, साध्या डायोड पुलाचा ड्राइव्ह घेतला तर ही वीज आतच कोंडते, व्होल्टेज चढतं, ड्राइव्ह ट्रिप होतो आणि भरलेल्या लिफ्टचा ब्रेक झटक्याने लागतो. खुर्च्या झोके खातात. जनरेटरवर चालताना हा धोका दुप्पट, कारण इंजिनाला उलटी वीज पचवता येत नाही. तिथे जादा विजेची उष्णता करून टाकणारी ६० किलोवॅटची रेझिस्टर बँक लावाच. ग्रिड असताना तीच वीज बॅटरीत किंवा तिकीटघराच्या हीटरमध्ये जाऊ द्या.

---

सौरघटक

बॅटरी: वीज गेली की लिफ्टवरचे सगळे लोक उतरेपर्यंत पूर्ण वेगाने चालवायची, एवढंच काम तिला द्या. १,००० मीटर २.३ च्या वेगाने सव्वासात मिनिटांत पार होतात. १२७ किलोवॅटने १५ युनिटं. एवढ्या कमी बॅटरीतून इतकी शक्ती ओढता येत नाही, म्हणून १०० युनिटांची घ्या. तीत पाऊण तासाचा पूर्ण भार निघतो आणि व्होल्टेजचे झोलही ती झेलते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर चढून ती कायमची बाद होते. म्हणून ती बाहेरच्या कंटेनरात न ठेवता मोटरघरात, १० अंशांच्या वर ठेवा. मोटर आणि ड्राइव्हची उष्णता तिथे फुकट मिळते.

पॅनेल २०० किलोवॅटऐवजी ६०-७० किलोवॅट लावा, आणि जमिनीवर नको, वरच्या-खालच्या स्टेशनच्या दक्षिणेकडच्या उभ्या भिंतींवर आधी. उभ्या भिंतीवर बर्फ टिकत नाही.

---

भारनियमन

स्कीच्या उतारावरचा बर्फ सपाट करणारं यंत्र आराखड्यात दिसलं नाही. मोठं यंत्र तासाला २० लिटरच्या वर डिझेल पितं. रात्री सहा तास चाललं तर १२० लिटर, आणि लिफ्ट पूर्ण डिझेलवर चालवली असती तरी दिवसाला १६७ लिटरच लागलं असतं. लिफ्ट ग्रिडवर गेली की तुमच्या डोंगरावर जळणारं जवळपास सगळं डिझेल या यंत्राचं असेल. डिझेल-इलेक्ट्रिक प्रकारचं यंत्र पाचवा हिस्सा वाचवतं असा उत्पादकांचा दावा आहे. बर्फाची खोली मोजणारं उपकरण यंत्रावर लावलं तर नको तिथल्या फेऱ्या टळतात, तो फायदा निविदेत आधी मागा.

---

चाकबंद

मोजणीसाठी तीन वेगळे मीटर लावा: मोटर, हीटर-दिवे, पॅनेल. स्टेशनचे हीटर आणि कप्प्यांवरचा बर्फ काढणाऱ्या पट्ट्या रात्रभर चालू राहतात आणि त्यांची युनिटं लिफ्टच्या नावावर चढतात. १० किलोवॅटचे हीटर १७ तास चालले तर १७० युनिटं होतात, मोटरच्या दिवसभराच्या वापराच्या एक तृतीयांश. त्यांना थर्मोस्टॅट आणि टायमर द्या. सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी दीड तास चालू झाले तरी पुरतात. फक्त गिअरबॉक्सचा, सुटकेच्या इंजिनाचा आणि बॅटरीच्या खोलीचा हीटर टायमरवर टाकू नका.